यमुनेच्या माहेरची अखाजी

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी सकाळी शिंदखेड्याहून एसटी धरली. माझी बायको यमुना हिवाळ्यात गेली. दरवर्षी या सणाला ती माहेरी जायची. मी कधी सोबत गेलो नाही.

आमच्याकडे वर्षात जो गेला, त्याच्या नावानं पहिल्या अखाजीला पाण्याची घागर भरतात. ती मी पहाटेच घरी भरली. पण यमुनेला आई नव्हती, थोरल्या बहिणीनं, अक्कानं वाढवलं. तिच्या हातचं पाणी यमुनेच्या नावानं पडायला हवं होतं. आणि अक्काला ती गेल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. अक्का डोळ्यांनी गेलेली, काळजाची दुखणाईत. मेहुणा म्हणाला होता, सांगू नका. मी सांगायलाच निघालो होतो.

शिरपूरला गाडी बदलली. पुढे सातपुडा. पानं झडलेला साग, तापलेले दगड. घाटाच्या पायथ्याशी कंडक्टर म्हणाला, "नाना, उतरा. आता तुमचे पाय हेच इंजिन." अर्ध्या चढावर चप्पल तुटली, ती हातात घेतली.

खिंडीतून गाव दिसलं. चारी बाजूंनी डोंगर, तळाशी पत्र्याची घरं आणि बाजाराचा ओटा. विजेचे खांब आले होते, तारा नव्हत्या. सणाची भरदुपार, पण रस्त्यावर माणूस नाही. दोघी बाया ओट्यावर होत्या. मला पाहून उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मग गाणं ऐकू आलं. माहेरवाशिणी झोक्यावर म्हणतात ते. आवाज यमुनेचा होता. ओळ संपली की ती श्वास टाकायची, तोही तिचाच. मी आवाजाच्या दिशेनं निघालो.

मेहुण्याच्या ओट्यावर अक्का बसली होती. खाकरण्यावरून तिनं मला ओळखलं.

"पाव्हना, एक दिन मांगे राह्यनात तुम्ही! यमू कालदिनच उनी (कालच आली). झोकावर बठेल शे (बसली आहे), आइका."

मेहुणा दारात ओठांवर बोट ठेवून उभा. अंगणातल्या कडुलिंबाला झोका होता. त्यावर त्याची बायको शांता डोळे मिटून गात होती. एरवी तिचा आवाज घोगरा.

मेहुण्याला बाजूला घेतलं. "हे काय सोंग चालवलंय?"

"यमुताई येईपर्यंत जेवणार नाही म्हणून अक्का बसली होती. शांता एकदा तिच्यासारखी गायली, तर अक्कानं भाकर खाल्ली."

"मग आता बंद कर की."

"शांता थांबतच नाही, नाना. कालपासून. बोलते तेही यमुताईसारखं." त्यानं रस्त्याकडे बोट केलं. "लोक दारं लावून बसलेत."

तेवढ्यात झोक्यावरून विचारणा झाली, "तंबाखूवरच निघालात ना? जेवलात का?"

हे मला फक्त यमुना विचारायची. 'जेवलो' म्हणून गेलो.

अक्कानं चाचपडत माठातून तांब्या भरला. "गाई गाई (गाऊन गाऊन) गळा सुकना व्हई तिना. हाई पानी दी या तिले."

मी तांब्या घेऊन लिंबाखाली गेलो. शांतानं डोळे न उघडता हात पुढे केला. मी दिला नाही. यमुनेचं नाव घेतलं आणि सगळं पाणी मुळाशी ओतलं. मातीनं ते लगेच ओढून घेतलं. गाणं थांबलं. शांतानं डोळे उघडले, गडबडीनं पदर सारखा केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाना, तुम्ही कवय उनात (कधी आलात)?"

ओट्यावरून अक्कानं विचारलं, "पिनं का तिनी पानी?"

"पिनं," मी म्हणालो.

त्यानंतर अक्का यमुनेबद्दल एक शब्द बोलली नाही. मला पुढ्यात बसवून मांडे खाऊ घातले.

दुसऱ्या दिवशी परत आलो. अक्काला कळलं होतं का, मी विचारलं नाही. तो आवाज शांतानं कुठून आणला, तेही शोधणार नाही. गाडीत एकच गोष्ट डोक्यातून जाईना. जेवलात का म्हणून यमुनेनं विचारलं, आणि मी खोटं बोललो. त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.