फुकट गवंडी

मागचा अख्खा हिवाळा माझे सासरे मला गवंडी समजत होते. मी दातांचा डॉक्टर आहे.

यात त्यांची चूक काडीचीही नाही. चूक माझी, माझ्या बॅगेची आणि थोडीशी इंग्रजी भाषेची. पुण्यात प्रॅक्टिस करत होतो तेव्हा मी फ्रीमेसन झालो. त्यात आत काय चालतं हे सांगायचं नाही अशी शपथ असते. (मी बायकोला, वर्षालासुद्धा सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, हे जास्त लागलं!) वरवरचं तेवढं सांगतो. फार पूर्वी विलायतेत दगडी इमारती बांधणाऱ्या गवंड्यांची मंडळं होती, त्यांच्यातून ही बंधुसंस्था निघाली. आता तिच्यात डॉक्टर, वकील, प्राध्यापक असतात. वीट कुणी उचलत नाही. गवंड्याची हत्यारं मात्र खूण म्हणून वापरतात, कोटावर पांढरा ॲप्रन बांधतात, माणूस कसा घडवावा यावर गंभीर चेहऱ्यानं बोलतात आणि मग पोटभर जेवतात. तिच्या शाखेला लॉज म्हणतात, शाखेच्या प्रमुखाला मास्टर.

पुढं आमच्या लॉजमधले सभासद पांगले. उरले त्यातले निम्मे या ना त्या कारणानं परभणीत आलेले. मी गावाच्या ओढीनं आलो, आणि आमचे मास्टर कर्नल इनामदार जवळच्याच पिंगळीला बायकोच्या वाट्याची जमीन कसायला आले. तेव्हा लॉजनंच बिऱ्हाड हलवायचं ठरलं. खुर्च्या, खांब, काळ्यापांढऱ्या चौकटींचा गालिचा असं सगळं कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या वरच्या मजल्यावर आलं आणि खाली पाटी लागली, 'लॉज'.

तिथंच चुकलं! परभणीत लॉज म्हणजे खाट, गादी आणि सकाळी गरम पाणी. पहिल्याच बैठकीत कर्नलसाहेब "बंधूंनो, आत्म्याचा प्रकाश..." असं म्हणेपर्यंत दार वाजलं. दाराबाहेर नागवी तलवार घेऊन पहारा द्यायचा आमचा रिवाज आहे, आणि त्या कामावर प्राध्यापक कांबळे होते. बोरीच्या एका कुटुंबानं त्यांनाच विचारलं, "म्यानेजर, डबल रूम हाय का? आन् पाणी कवा येतंय?"

दुसऱ्या बैठकीला तीन कुटुंबं आली. तिसऱ्या बैठकीला एक वऱ्हाडच आलं, आणि नवरदेवाच्या मामानं कांबळेसरांच्या हातातली तलवार थोड्या वेळासाठी मागितली!

"हे असं चालणार नाही," कर्नल गरजले. "उपाय सुचवा!"

उपाय मी सुचवला. 'लॉज' शब्द पुसायचा आणि नुसतं 'फ्री मेसन' लिहायचं, तेही मराठीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल की टाळ्या वाजवणाऱ्यांत एक निवृत्त न्यायाधीशही होते.

याच सुमारास माझे सासरे अण्णा पालमकडच्या त्यांच्या गावाहून आमच्याकडे मुक्कामी आले. अण्णा म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा आणि आवाज असा की शेतातून हाक मारली तर गावातली कुत्री उठावीत. लॉजची हत्यारं घासूनपुसून ठेवायचं काम सगळ्यांत नवख्याकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. अण्णा चष्मा शोधता शोधता माझ्या बॅगेपाशी गेले. आत ॲप्रन, थापी, ओळंबा आणि काटकोन बघायचा गुण्या! मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी जेवायला बसलो आणि अण्णांनी भाकरी कुस्करता कुस्करता हळू आवाजात (हीच धोक्याची सूचना होती!) विचारलं,

"जावई, संध्याकाळी तुमी कुठं जायलात म्हनं?"

"थोडं घडवण्याचं काम असतं अण्णा. अजून शिकतोय."

"कामून? दवाखान्यात भागत न्हाई का?"

"दवाखान्यात पोट भरतं अण्णा, मन भरत नाही." (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं.)

"मास्तर कसा हाय?"

"फार कडक! सुरुवातीला नुसता ओबडधोबड दगड हातात देतात. तो घासून घासून गुळगुळीत करायचा." मी आत्मशुद्धीबद्दल बोलत होतो.

"आन् रोजी?"

"रोजी कसली? उलट आम्हीच वर्गणी भरतो!"

अण्णांच्या हातातला घास ताटात पडला. त्यांनी माझे हात निरखून बघितले. मग म्हणाले, "काम कोणतंच वंगाळ नसतंय, जावई. पर वर्षाला कळू देऊ नका. तिचं काळीज लहान हाय."

"शब्द देतो!" मी आनंदून म्हणालो. गुप्ततेची कदर करणारा सासरा नशिबानंच मिळतो.

त्यानंतर एसटीनं आमच्याकडं माल यायला लागला. आधी ज्वारीचं पोतं. मग मुगाची डाळ, तूप, शेंगदाणे. एकदा तर कंडक्टर स्वतः घोंगडी घेऊन दारात आला आणि माझ्याकडं बघून उगाच "होईल सगळं नीट," असं म्हणून गेला. वर्षा चक्रावली.

"अण्णा एवढं काऊन पाठवायलेत? आपल्याकडं काय दुष्काळ पडलाय का?"

"प्रेम आहे त्यांचं," मी तुपात बोट बुडवत म्हणालो.

शेवटी अण्णांना राहवेना. जावयाचं काम चालतं तरी कुठं, ते बघायला ते वर्षाच्या चुलतभावाला, भगवानला घेऊन परभणीला आले. भगवान इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेला. पुढं काय घडलं ते मला त्यानंच सांगितलं. विचारत विचारत जिनिंगखाली पोचल्यावर अण्णांनी पाटीकडं बोट केलं.

"भगवान, ह्याचा अर्थ काय रे?"

"फ्री म्हंजे फुकट. मेसन म्हंजे गवंडी. फुकट गवंडी, अण्णा!"

अण्णा मटकन पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे आमचे जावई धर्म करायलेत! आन् मी त्यान्ला गरीब समजलो!" मला न भेटताच ते आल्या पावली परत गेले आणि त्याच दिवशी पारावर जाहीर करून टाकलं. एसटी थांब्यावर म्हाताऱ्या माणसांना बसायला ओटा नाही ना? माझा जावई त्याच्या मंडळासकट येऊन बांधून देईल. फुकट!

इकडं आमच्यावर वेगळंच संकट होतं. नव्या जिल्ह्यात ही लॉज ठेवायची की गुंडाळायची, हे ठरवायला हैदराबादहून संस्थेचे वडीलधारे अलीसाहेब येणार होते. कर्नलसाहेबांनी आमच्याकडून आठवडाभर कवायत करवून घेतली. (मंडळ पुन्हा कधी जमतंय असं अण्णांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी खुशीत दिवस सांगूनही टाकला.) परभणीची माणसं वेळेवर येत नाहीत म्हणून आम्हाला सकाळी सातची वेळ सांगितली आणि बैठक आठला ठेवली. (आम्ही सव्वाआठला पोचलो.) अलीसाहेब उंच, गोरे, चंदेरी दाढीचे. त्यांनी हॉल बघितला, गालिचा बघितला, पण "हूं" या पलीकडं बोलेनात. कर्नलसाहेबांच्या मिशा थरथरायला लागल्या.

तेवढ्यात दारावर ठोके पडले. आमच्यात एका ठरावीक लयीत तीन ठोके पडले तरच दार उघडतात. अण्णांनी काठी आपटली ती नेमकी त्याच लयीत! आतल्या माणसानं अदबीनं दार उघडलं. समोर अण्णा, अण्णांच्या मागं भगवान, भगवानच्या मागं अर्धं गाव आणि या सगळ्यांच्या मागं तलवार उंचावून "अहो, थांबा! थांबा हो!" करणारे कांबळेसर.

"रामराम मंडळी!" अण्णांनी खिडक्या हादरवल्या. "अरे वा, समदे कामाचे कपडे करून तयारच हायेत की! चला, टेम्पो खाली उभा हाय!"

कर्नलसाहेबांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. "डॉक्टर! हे गृहस्थ कोण?"

"सासरे," मी म्हणालो. जमीन दुभंगायला हवी होती, पण आम्ही वरच्या मजल्यावर होतो.

अण्णा थेट अलीसाहेबांपुढं गेले, त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. (सत्काराशिवाय आमच्याकडं कामाचं बोलणं सुरूच होत नाही.) मी भाषांतरासाठी पुढं झालो, पण गरजच पडली नाही. अण्णांचे वडील निजामाच्या काळात शिकलेले. घरात म्हशीला शिव्यासुद्धा हैदराबादच्या दखनी उर्दूत!

"क्या बोलूं साब, हमारे गांव में बुड्ढे लोगां धूप में खडे रैते. बैठने कू जागा नै. तुमारे लोगां ओटा बांध के देते बोलके जबान दिया मैं."

"जबान दिये?" अलीसाहेबांचे डोळे चमकले.

"हौ! पूरे गांव के सामने!"

"तो फिर सोचना क्या, मियां? चलो!" अलीसाहेब टोपीसकट उठले आणि आमच्याकडं वळून म्हणाले, "चालीस बरस से थापी की बातां सुन रऊं. आज पैली बार चलती देखूंगा!"

झालं! आमची लॉज, कोट, टाय आणि ॲप्रनसकट, टेम्पोत चढली. निवृत्त न्यायाधीश विटांवर बसले. कर्नलसाहेब पुढं ड्रायव्हरशेजारी, समोर एकटक बघत. मी मागं, उभा, दोन्ही हातांनी दांडा धरून, "अण्णा, जरा ऐकता का," असं वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला म्हणत होतो.

गावाच्या वेशीवर बॅन्ड! सडा, रांगोळ्या! सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना ओवाळलं. बायकांनी कांबळेसरांच्या तलवारीला हळदकुंकू वाहिलं. थांब्यावर विटा रचलेल्या, सिमेंट कालवलेलं. गावातले दोन्ही गवंडी नवे फेटे बांधून पहिल्या रांगेत बसलेले. आम्ही त्यांच्याकडं आशेनं बघितलं, तर ते हात जोडून म्हणाले, "न्हाई न्हाई, पाहुण्यांच्या कामात हात घालू न्हाई."

अण्णांनी मला कडेला घेतलं. आवाज एकदम खाली आलेला. "जावई, मी लय मोठं बोलून बसलोय. माझा फेटा तुमच्या हातात हाय."

आता खरं सांगायचं तर त्यांचा फेटा बॅन्डवाल्याच्या हातात जास्त सुरक्षित राहिला असता! पण मी त्यांचा चेहरा बघितला. मी थापी उचलली.

पुढचं काम कसं झालं ते सांगवत नाही, पण सांगतो. माझ्या हाताला फक्त एकच बांधकाम येतं, ते म्हणजे दाढेतली फट भरणं. मी सिमेंट चिमटीनं घ्यायचो, विटेच्या सांदीत दाबायचो, करंगळीनं गुळगुळीत करायचो. एकदा तर सवयीनं विटेला "जरा मोठा आ करा," असंही म्हणालो. पहिली रांग संपेपर्यंत कर्नलसाहेबांनी कोट काढून फेकला. "डावी बाजू चढतेय! मूर्खांनो, ओळंबा धरा!" असं ओरडत ते स्वतः गुडघ्यावर बसले. न्यायाधीशसाहेब प्रत्येक विटेवर दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन मगच ती ठेवू देत होते. अलीसाहेब खुर्चीवर बसून चहा पीत "शाबास! अब वो वाली!" म्हणत होते आणि गाव दर विटेला टाळ्या वाजवत होतं. लोकांना वाटत होतं, शहरातली नवी पद्धत असेल. मला तर काय चढलं होतं कुणास ठाऊक! घामानं, सिमेंटनं माखलो होतो आणि जन्मात इतकी मजा आली नव्हती.

ओटा झाला. पुढच्या बाजूला घसरगुंडीसारखा उतरता झाला, पण झाला! मी थकून, आनंदून, मागचापुढचा विचार न करता त्यावरच बसलो आणि अण्णा भाषणाला उभे राहिले.

अण्णांचं भाषण लांबत गेलं. ऊन कडकडीत होतं. मी हसऱ्या चेहऱ्यानं फोटोसाठी बसून राहिलो. भाषण संपल्यावर उठायला गेलो, तर उठवेना! कर्नलसाहेबांनी एक हात धरला, अण्णांनी दुसरा, आणि बॅन्डवाल्यांनी (हे कुणी सांगितलं होतं त्यांना?) ताल धरला. मी सुटलो. पॅन्टचा मोठा भाग तिथंच राहिला. आमच्या बंधुसंस्थेच्या इतिहासात पुढचा ॲप्रन मागं बांधणारा पहिला सभासद मीच असेन.

जेवताना पंगतीत अलीसाहेबांनी वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि ताकाचा ग्लास उंचावून निकाल दिला, "ये लॉज यईंच रहेगी!" कर्नलसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी अण्णांना कडक सलाम ठोकला. आदल्या दिवशीच माहेरी आलेली वर्षा वाढता वाढता माझ्या पानापाशी थांबली आणि हसू दाबत म्हणाली, "हेच होतं का तुमचं गुपित? मला वाटलं, काही तरी कामाचं शिकायलात."

निघताना अण्णा मला वेशीपर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवून त्यांनी मायेनं सांगितलं, "जावई, गावाची सोय झाली, माझा शब्द राहिला. पर एक ऐका. तुमी आपले दातच बघत जा."

ओटा अजून आहे. उतरता आहे म्हणून पावसाचं पाणी साचत नाही, असं गाव कौतुकानं सांगतं. मधोमध मात्र माझ्या बैठकीचा खोल साचा तसाच पक्का झालाय, आणि सगळ्यांत आरामशीर जागा तीच म्हणून म्हाताऱ्यांत तिच्यावरून भांडणं होतात. माणसानं जगात आपला ठसा उमटवावा म्हणतात. माझा उमटला. फक्त तो चेहऱ्याचा नाही, एवढंच!