कडकडीत मोहन

चकलीच्या पिठात मोहन घालायची वेळ झाली की आमच्या फराळ केंद्रातल्या कुसुमताई मला हमखास पाणी आणायला पाठवतात. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगड होते. त्यांचं माप मी कधीच पाहिलेलं नाही.

आज मी पाणी आधीच भरून ठेवलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मालकीणबाईंनी सांगितलंय ना तुला, शिकून घे म्हणून?"

"हो. तुम्हाला जरा आराम मिळावा म्हणून."

"आराम," त्या म्हणाल्या.

विद्या दिल्याने वाढते म्हणतात. देणाऱ्याची नोकरी टिकते, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. मालकीणबाईंना एकाएकी त्यांचा एवढा कळवळा का आला, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कढल्यातलं तेल निवत चाललं होतं, तरी कुसुमताई ते ओतेनात.

मी तांब्या उचलला आणि पाणी आणायला गेले.