मागून दिलेला खो

खो-खोत तिची आणि माझी जागा शेजारी होती. शाळेच्या संघापासून जिल्ह्याच्या संघापर्यंत आम्ही शेजारच्या चौरसांत उकिडव्या बसत आलो. शेजारच्या दोघींची तोंडं उलट दिशांना असतात, म्हणून मैदानात मी तिला पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. "जल्दी ऊठ गं, मेंढ्या चारून राह्यली का?" असं ती पुटपुटायची. आमच्या घरी खरंच मेंढ्या होत्या, त्यामुळे राग यायचा आणि पाय आपोआप पळायचे.

ती आज नाही. तिच्या हाडात कॅन्सर निघाला, उपचार झाले, आणि शेवटी डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं. घरी नेणं सोपं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. वेदना थांबवणारी औषधं, ऑक्सिजनचं मशीन, रोजची नर्स. परतूरच्या त्या दोन खोल्यांत ती आणि तिची अम्मी दोघीच राहायच्या, आणि अम्मीच्या शिलाई मशीनवर हे सगळं भागणं शक्यच नव्हतं.

जुन्या संघानं ठरवलं, टेंभुर्णीहून जालन्यावरून परतूरपर्यंत पाळीपाळीनं पळायचं आणि वाटेत लोकांकडे मदत मागायची. मी मोठ्या उत्साहात तिला सांगायला गेले. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"माझ्या नावानं खैरात गोळा करून राह्यल्या का? या घरात एक पैसा येणार न्हाई."

"मंग काय करायचं?"

"मी संघात हाय का न्हाई? मला जागा द्या."

"तुला उभं राहता येत न्हाई!" मी चिडून बोलले. चिडले ते तिच्यावर नव्हते, पण समोर तीच होती.

"बसता येतं ना? खो-खोत बसायचंच जास्त असतं."

तिच्यापुढे कोणाचं चाललंय? शेवटची जागा तिला दिली. मग ती म्हणाली, पळायचं तर खो-खोसारखंच पळा. म्हणजे पुढची गडी रस्त्याच्या कडेला पाठ करून बसणार. पळत येणारीनं मागून तिच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं, त्याआधी तिनं उठायचं नाही. आणि खो देणारीनं तिच्या मोकळ्या झालेल्या जागेवर बसायचं.

त्या दोन दिवसांतलं मला सगळं सलग आठवत नाही. टेंभुर्णीतून निघालो तेव्हा धुकं होतं आणि आमची पहिली गडी त्यात बघता बघता विरघळून गेली. रस्त्याकडेच्या बाभळींना टेम्पोतून उडालेला कापूस अडकला होता. जालन्याच्या एमआयडीसीत स्टील मिलच्या दारांतून गरम वारा अंगावर येत होता. पाळी सुटलेले कामगार मोटरसायकली हळू करून आमच्याबरोबर चालले, पळणारीच्या खांद्यावरच्या पिशवीत नोटा टाकल्या, आणि एकानं विचारलं, "बहीण हाय का तुमची?" आम्ही सगळ्याच एकदम हो म्हणालो.

परतूरच्या अलीकडे माझी पाळी होती. दुपार कलली होती. थोड्या वेळानं पाय माझे राहिले नाहीत. मी जागच्या जागी आहे आणि रस्ताच माझ्याकडे येतोय, दोन्हीकडचं रान पाण्यासारखं मागे वाहतंय, असं वाटायला लागलं. तिचं पुटपुटणंही ऐकू येत होतं. त्या अवस्थेत मला फार सुख वाटलं, आणि तिचं दुखणं आठवत असूनही वाटलं.

गल्लीत शिरले तेव्हा ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत, रस्त्याकडे पाठ करून बसली होती. समोर उंबऱ्यावर अम्मी. शेजारपाजारचे सगळे दारांत उभे. तिची मान एवढी बारीक झालेली पाहून मला राहवलं नाही. मी वळसा घालून तिच्या पुढ्यात गेले आणि हात धरले.

"फाउल," ती म्हणाली. "मागं जा."

मी मागे गेले, पाठीवर हात ठेवला आणि हळूच खो म्हणाले.

"आवाज न्हाई आला."

मग मी ओरडले. घसा फाटेल असं ओरडले. ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. शेजारीण धावत पुढे आली, तिला तिनं नजरेनंच थांबवलं. मला म्हणाली, "बस."

मी बसले. खुर्ची तिच्या अंगानं गरम होती. माझं तोंड घराकडे होतं आणि ती माझ्या मागे, रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे, म्हणजे आमच्या शेवटच्या खांबाकडे निघाली होती. मागे वळून बघायचं नसतं. मी तिचं चालणं अम्मीच्या चेहऱ्यावर बघत राहिले. अम्मीचे ओठ हलत होते. एकदा तिचे दोन्ही हात हवेत झेपावले आणि तिथंच थांबले. मग चपलांचा आवाज थांबला आणि अम्मी हसली. हसतानाच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

झाडापासून तिचा आवाज आला, धापा टाकत. "अम्मी, अब ले लो. खैरात नै है. मैं भी दौडी."

अम्मीनं माझ्या खांद्यावरची पैशांची पिशवी घेतली आणि छातीशी धरली. माझ्या मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. मला पळत जाऊन तिला मिठी मारायची होती, मी खुर्चीतच हमसून हमसून रडत होते, पण मला अजून तिनं खो दिला नव्हता.