मिरचीतला झेंडू

दसऱ्याचं तोरण ओवताना झेंडूचं पान बोटात चुरगळलं, आणि त्या उग्र वासानं मला सासरचा मिरचीचा मळा आठवला.

वऱ्हाड मध्य प्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. मी नवी सून म्हणून वडनेर भोलजीला आले होते. माहेरी पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं. सासरच्या मळ्यात मिरचीच्या ओळींमधून झेंडू लावलेला पाहून मला वाटलं, ही फुलं मिरचीचं पाणी पितात. शाबासकी मिळेल म्हणून, कोणी न सांगता, मी सगळी रोपं उपटली.

सासूबाई भाकर घेऊन आल्या आणि बांधावरच थबकल्या.

"काऊन उपटले वं?"

"पाणी पितेत म्हून."

"अवं, झेंडू हाय म्हून मिरचीच्या मुळाले कीड लागत नाही. तुये सासरे बाजारातून येऊनच राह्यले अस्तीन. खोच लवकर."

कोमेजलेली रोपं आम्ही दोघी ओल्या मातीत खोचत सुटलो. सासूबाईंचे हात थरथरत होते. त्या राग आवरताहेत असं समजून मी मान वर केली नाही.

तेवढ्यात बैलांचे घुंगरू वाजले. सासरे बांधावर उभे राहिले.

"हे कोनं केलं?"

मी हातातल्या रोपासकट उठून उभी राहिले.

"म्याच," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला पाठीआड घेतलं.

तेव्हा मी फक्त सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंच्या हातांचा तो थरकाप रागाचा नव्हता. त्या घरात त्या माझ्याआधी वीस वर्षं सासऱ्यांना भीत आल्या होत्या, हे मला फार उशिरा उमगलं.