पाचव्या वळणावरचं बाकडं

गॉटलोब श्वेंक हा आमच्या गावातला सर्वांत प्रेमळ नवरा, असा बायकांच्या कॉफीच्या बैठकीत निकाल लागलेला आहे. तो साफ चुकीचा आहे आणि हे फक्त गॉटलोबला आणि मला ठाऊक आहे, अशी आम्हा दोघांची समजूत होती.

आमच्या श्वाबेनमध्ये, जर्मनीच्या या कोपऱ्यात, शिवी दिली नाही म्हणजे कौतुक केलं असं धरतात. गॉटलोब तर त्यातलाही कंजूष. चाळीस वर्षं कारखान्यात साचे घडवले, मिलिमीटरचा शंभरावा भाग कधी चुकला नाही आणि घरी दिवसाला मोजून अकरा शब्द. त्यातले चार जेवणाबद्दलच्या तक्रारीचे.

पण त्याच्याकडे एक्काहत्तर सालची नारिंगी स्पोर्ट्स गाडी आहे. इंजिन मागे, त्यात पाण्याचा थेंब नाही. ते गार ठेवायचं काम वाऱ्याचं आणि तेलाचं. सपाटीवर ती हरिणीसारखी पळते. रविवारी बायकोला, लोरेला, घेऊन आल्ब डोंगराचा घाट चढायला लागली की मात्र पाचव्या वळणावर तेलाची सुई लाल पट्टीला टेकायची. तिथे एक बाकडं आहे. गाडी तापली असं कबूल करण्यापेक्षा गॉटलोबने घाटातून उडी मारली असती. तो म्हणायचा, "बघ गं, दरी."

तेल गार व्हायला वीस मिनिटं लागतात. दरी बघून दोन मिनिटांत संपते. उरलेल्या अठरात करायचं काय? तर तो बोलायचा. बापाचा मार, पहिली सायकल, टोप घालणारा मुकादम. लोरे लोणी लावलेल्या ब्रेत्सेलांचा, म्हणजे वेढे घातलेल्या खाऱ्या पावांचा, पुडा सोडायची आणि ऐकायची. असे अकरा उन्हाळे गेले आणि गॉटलोब गावभर प्रेमळ ठरला.

घात केला फोल्कर बेकरीवाल्याने. त्याची गाडी तशीच, तेवढीच जुनी. पण पुढच्या बाजूला तेलाचा जादा कूलर बसवलेली. तो न थांबता वर जायचा आणि बाकड्याजवळ ओरडायचा, "काय गॉटलोब, गाडीला निसर्ग फार आवडतो वाटतं!"

या वसंतात गॉटलोबचा बांध फुटला. "शेजारी, मी कूलर बसवतोय. तुम्ही पाना धरायला या." अठरा वर्षं आमची कुंपणं लागून आहेत, अजून 'तुम्ही'च चालतं.

कूलर त्याने भंगारातून आणला. त्याच्या पत्र्याच्या बारीक पाकळ्या सगळ्या वाकलेल्या.

"नवा घ्यायचा होतात," मी म्हटलं.

"नव्याच्या पाकळ्या काय सोन्याच्या असतात?" असं म्हणून त्याने लोरेच्या चांदीच्या केक खायच्या काट्याने एकेक पाकळी सरळ केली. उजवं पुढचं चाक काढून कूलर मडगार्डच्या आत बसवला. मागच्या इंजिनापासून दोन नळ्या गाडीच्या पोटाखालून पुढे आणल्या. प्रत्येक जोडाला दोन नट. एक मी धरून ठेवायचा, दुसरा तो आवळणार.

"घट्ट धरा! नळी पिळवटेल!"

"धरलाय हो!"

"धरलाय कुठे? हात मिळवताय त्याच्याशी!"

शेवटी थर्मोस्टॅट. तेल पुरतं तापल्याशिवाय तो त्याला पुढे कूलरकडे सोडत नाही. मी भीत भीत विचारलं, "आणि लोरेचं बाकडं?"

"वर खानावळीत नेईन तिला. तिथे बाकडी जास्त आहेत."

"तिथे बोलाल तुम्ही?"

त्याने बराच वेळ हात पुसले. "पाना द्या," म्हणाला.

शनिवारी बेकरीत जाऊन त्याने फोल्करला कूलरची बातमी ऐकवली. रविवारी निघालो. वजनासकट चाचणी हवी म्हणून मला मागच्या सीटवर कोंबलं होतं. ती सीट दप्तरासाठी बनवलेली असावी. माझे गुडघे कानांना लागले होते. घाट सुरू झाला. तिसरं वळण, चौथं. सुई नव्वदावर ठाम. गॉटलोब चक्क शीळ घालत होता. लोरेच्या मांडीवर ब्रेत्सेलांचा पुडा होता. पाचवं वळण आलं.

"थांब," लोरे म्हणाली.

"कशाला? तेल नव्वदावर आहे."

"मी एकशेवीसवर आहे."

गाडी थांबली. दोघं उतरून बाकड्यावर बसली. काच उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"अकरा वर्षं त्या सुईशेजारी बसतेय मी. दिसत नाही का मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तेव्हाच कूलर बसवला असतास! आणि गुरुवारी माझ्या केकला इंजिनाची चव आली, तीही कळली मला."

तेल गार व्हायचंच नव्हतं, तर गॉटलोबने बोलायचं तरी कुठल्या निमित्ताने? आणि कारणाशिवाय बायकोजवळ बसलेला श्वाबी माणूस घाटात कुणी पाहिला तर?

तेवढ्यात खालून फोल्करचा हॉर्न वाजला. गॉटलोब ताडकन उठला, मागचं झाकण उघडलं आणि धडधाकट इंजिनाला टोपीने वारा घालू लागला.

"काय रे!" फोल्कर ओरडला. "कूलर बसवूनही?"

"हो ना," गॉटलोब म्हणाला. "बसवताना काहीतरी चुकलं माझं."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. फोल्कर खूश होऊन वर गेला. लोरेने ब्रेत्सेल मोडलं आणि मोठा तुकडा नवऱ्याला दिला.

"सायकलीचं कुठवर आलं होतं?" त्याने विचारलं.

"बापाने ती विहिरीत टाकली तिथवर."

"अहो," मी खिडकीतून म्हटलं, "मला कुणी बाहेर काढेल का?"

"वीस मिनिटं धीर धरा, शेजारी," लोरे म्हणाली. "तेल गार होतंय."