मार्थामावशींचा सूर

समोरच्या घराबाहेर काल दहाबारा जोड चपला दिसल्या आणि आईच्या दुखण्यातला तो रविवार आठवला. डॉक्टरांनी हात टेकले होते. चर्चमधली उपासना आटोपून मंडळीतल्या बायका पेटी घेऊन थेट आमच्याकडे आल्या. कुणी भाकऱ्या थापल्या, कुणी आईची वेणी घातली. मग खाटेभोवती बसून सगळ्या गाऊ लागल्या.

मार्थामावशींचा सूर नेहमीसारखाच भलता वर गेला. चार दिवस गप्प असलेली आई डोळे मिटूनच पुटपुटली, "मार्थे, सूर खाली घे गं."

आधी मावशीच हसल्या. मग सगळं घर हसलं, आईसुद्धा.

मी स्वयंपाकघरात, बायकांबरोबर आलेल्या चर्चच्या पाळकबाईंना म्हटलं, "आता आई बरी होईल ना?"

त्यांनी माझा हात धरला. "नाही गं पोरी. ते ठाऊक आहे, म्हणून तर आलो."

बुधवारी आई गेली. प्रार्थनेनं काही टळलं नाही. पण मरण दारात असताना माणसं इतकी मनापासून हसू शकतात, हे मी पाहिलं.

त्या बायकांतल्या आता दोघीच उरल्यात, आणि त्याही अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या खाटेभोवती बसायला मी एकटीच जाते. मला गाता येत नाही.