बिनपगारी समितीचं नमुना घर

बातमीचं एक बरं असतं, छापून आली की ती संपते. छापायचा राहून गेलेला किस्सा मात्र संपतच नाही. आयुष्यभर बातमीदारी केल्यावर माझ्याकडे असे किस्से ढिगाने साठले आहेत. त्यातले सगळ्यात जास्त मला एका समितीने दिले. समिती अशी, जिने कुणाला चहापलीकडे काही दिलं नाही!

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण ही सगळी मंडळी मला अजून रोज चौकात भेटतात. तर आमच्या गावात गरिबांना परवडतील अशी घरं व्हावीत म्हणून एक सल्लागार समिती नेमली गेली. सगळे हौशी आणि बिनपगारी. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य, सोबत इंजिनिअर राऊत, कापसाच्या जिनिंगवाले शेठ आणि मी.

मला का घेतलं, हे शेठने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "भाऊ, तुम्ही बाहेर राह्यले तं लिहिता. आत राह्यले तं चहा पिता!"

मी चहा पितो आणि लिहितोही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

* * *

पहिल्या बैठकीत आयकार्डचा विषय झाला, मग लेटरहेडचा. मी चुकून "आपल्या गावात" म्हणालो तर अध्यक्षांनी मला थांबवलं. "गाव नाही, शहर म्हणा! लेटरहेडवर शहर छापलंय."

शेवटी न राहवून मी विचारलं, "ही घरं बांधून झाली की आपल्यापैकी कुणी त्यात आठवडाभर राहून बघणार आहे का?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी शिवी दिली. शेठ समजुतीच्या सुरात म्हणाले, "भाऊ, आपण सल्लागार हाओ. राह्याले लोक हायेत ना!"

* * *

मग आम्ही जागा बघायला निघालो. सोबत बस्तीतली एक बाई 'लाभार्थी प्रतिनिधी' म्हणून घेतली. ती कांताबाई. नवरा वारलेला. पहाटे मंडीतून भाजी उचलायची आणि दुपारपर्यंत बाजारात बसून विकायची, हा तिचा धंदा.

अध्यक्षांनी पसंत केलेली जागा गावाबाहेर, जिनिंगच्याही पलीकडे होती. तिथे एसटी थांबत नाही. ऑटोवाला यायला तयार नाही. अध्यक्षांनी गाडीची काच खाली केली आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "काय ही मोकळी हवा!"

कांताबाई म्हणाली, "हवा झकास हाय साहेब. पन पहाटे मंडीत मी या हवेवर बसून जाऊ का?"

अध्यक्ष राऊतांकडे वळले. "राऊत, लिहून घ्या. प्रतिनिधींना हवा आवडली."

मी स्वतः ऐकलं हो! या कानांनी!

* * *

ती जागा बेघरांसाठी, आणि ज्यांची स्वतःची जागा आहे त्यांना तिथेच पक्कं घर, असं ठरलं. त्यानंतर घरोघरची पाहणी झाली. कांताबाईचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर टिनं आणि कोपऱ्यात लुगड्याचा आडोसा करून केलेली न्हाणी. जागा मात्र तिच्या सासऱ्यापासून रीतसर नावावर. राऊत बुटासकट आत शिरले. चुलीवरून टेप ओढत ते थेट न्हाणीच्या पडद्यापर्यंत पोचले. आणि पडद्यामागे खुद्द कांताबाई अंघोळ करत होती!

"अवो साहेब, कडी तं वाजवा!" ती आतून ओरडली.

मी राऊतांना दंडाला धरून बाहेर ओढलं. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं होतं. "अहो, झोपडीला कुठली कडी?"

* * *

त्या दिवशीचा राग मागे टाकून कांताबाई दुसऱ्या दिवशी आपण होऊन समितीच्या दारात आली. तिची लेक भारती महागावला दिलेली. आठवा महिना लागला होता आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"तिच्या सासरी मी सांगून बसली, आमचं पक्कं घर होऊन राह्यलं म्हनून. मंग कवा होते घर?"

राऊत म्हणाले, "रिकाम्या जागेचा फोटो लागतो. जुनं घर पाडा, मी फोटो काढतो, की काम सुरू."

बाईने विश्वास ठेवला. भावांना बोलावून तिने घर पाडलं, टिनं शेजाऱ्याकडे ठेवली आणि ठेवणीतलं पातळ नेसून आपल्या जागेच्या मधोमध उभी राहिली. फोटो निघणार होता ना!

राऊतांनी मोबाइल वर केला. "बाई, बाजूला व्हा. जागा रिकामी दिसली पाहिजे."

* * *

पुढच्या बैठकीत ते फोटो पडद्यावर दाखवले.

अध्यक्ष म्हणाले, "या बाईंचं कच्चं घर कुठे दिसत नाही."

"पाडलं सर," राऊत म्हणाले.

"मग बसत नाही. आपली योजना कच्चं घर असणाऱ्यांसाठी आहे. त्यांना बेघरांत टाका."

"बेघरांत बसत नाही सर. जागा नावावर आहे."

"अरेरे," अध्यक्ष म्हणाले आणि पुढचा फोटो मागितला.

मी टेबलावर हात आपटला, कप उलटले. "घर तुम्ही पाडायला लावलं! मे महिन्याच्या उन्हात ती बाई ताडपत्रीखाली बसलीय! उद्या तिची गर्भार लेक येणार, ती कुठे टेकणार?"

"तुमच्या भावना इतिवृत्तात घेतो," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

बाहेर कांताबाई थांबली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे घर व्हतं तवा त्यायले जागा पाह्यजे व्हती. अन् आता जागा देली तं घर पाह्यजे?"

मी बातमी लिहिली. छापूनही आली. तिच्या शेजारी शेठच्या बंगला स्कीमची जाहिरात होती. बातमीच्या चौपट!

* * *

आता नमुना घराकडे येतो. आपली घरं कशी असतील हे लोकांना दिसावं म्हणून समितीने गावातल्या मैदानाच्या कोपऱ्यात एक खरंखुरं घर एव्हाना बांधून काढलं होतं. एक खोली, ओटा, नळ, संडास आणि पुढच्या दाराला पितळी कडी. अध्यक्षांनी घरचा जुना पलंग आणून मांडला आणि भिंतीवर स्वतःच्या फोटोचं कॅलेंडर लावलं.

उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्ष संडास बघायला आत गेले. त्याचं दार बाहेर उघडणारं, आणि समोर पलंग! तेवढ्यात शेठ दोस्तांसकट पलंगावर बसले, पलंग सरकला आणि दार बंद!

आतून आवाज आला, "शेठ, उठा! मला बाहेर येऊ द्या!"

"थांबा सर, फोटो होऊन राह्यला!"

या घराची झाडलोट कुणी करायची? राऊतांनी सुचवलं, "कांताबाईला ठेवू. बिचारीचं घर गेलंय."

"छान! तेवढीच तिला मदत," असं म्हणत अध्यक्षांनी किल्ली तिच्या हातात दिली.

जिचं घर आपण पाडलं, तिलाच नमुन्याचं घर झाडायला!

* * *

काही आठवड्यांनी जिल्ह्यावरून एक अधिकारी बाई पाहणीला आल्या. अध्यक्ष पुढे, आम्ही मागे. "पाहा मॅडम, आमचं नमुना घर!" म्हणत त्यांनी दार ढकललं.

आत ओट्याशी कांताबाई उभी, चहा उकळत होता. पलंग समोरच्या भिंतीला गेला होता, त्यामुळे संडासाचं दार सताड उघडत होतं. कॅलेंडरच्या जागी बुद्धाची तसबीर होती. छताच्या हुकाला लुगड्याची झोळी टांगलेली, झोळीत तान्हं पोर, आणि पलंगावर डोक्याला फडकं बांधून भारती.

राऊतांच्या हातातली टेप खाली पडली.

मॅडम मात्र खूश. "वा! माणसांसकट नमुना! किती जिवंत वाटतं!"

अध्यक्ष घाईने पुढे झाले. "हो मॅडम. ते... नमुना लाभार्थी."

"बाई, घर कसं आहे? काही अडचण?" मॅडमनी कांताबाईला विचारलं.

कांताबाईने पदर सारखा केला.

"घर चांगलं हाय म्याडम. अडचन एकच हाय. हे लोक पुसल्याबिगर आत घुसून राह्यले. लेक बाळंतीन हाय. यायले कडी वाजवाले सांगा."

"बरोबर आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "चला, सगळे बाहेर!"

आम्ही सगळे बाहेर आलो. कांताबाईने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं. मॅडम हाताची घडी घालून अध्यक्षांकडे बघत उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी राऊतांकडे बघितलं, राऊतांनी शेठकडे. शेवटी आमच्या शहराचे माजी प्राचार्य पुढे झाले, त्यांनी पायातले बूट काढले, हात वर केला आणि कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन हाय?"